एल्फिन्स्टनची विद्यार्थिसभा

'विद्यार्थी, वक्तृत्व आणि नेतृत्व' हा आजचा विषय. ह्या विषयावर उपदेश करणे फार सोपे आहे. आवाज कसा लावावा, हातवारे किती करावे, टाळ्या कोठे घ्याव्या, हे सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. पण मी पडलो इतिहासाचा अभ्यासक. तेव्हा उपदेशाच्या वाटेला न जाता, बोलता बोलता पुढारी झालेल्या काही तरुणांची हकीगत आपल्यापुढे ठेवतो.

साल १८४८. मुंबई विद्यापीठ निघायला अजून नऊ वर्षे अवकाश होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकणाऱ्या आणि तेथूनच नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. नाव लांबलचक, पण काम साधे. एकाने निबंध लिहून आणायचा, तो सर्वांसमोर वाचायचा आणि मग इतरांनी त्यावर बोलायचे. धर्म आणि राजकारण हे दोन विषय वर्ज्य होते. आज ह्या नियमाला आपण भित्रेपणा म्हणू. मला तसे वाटत नाही. हिंदू आणि पारशी तरुण एका खोलीत बसून वाद घालू लागले, हीच त्या काळी लहान गोष्ट नव्हती. धर्माचा विषय निघता तर ही सभा फार दिवस टिकती ना.

तरीही खरे सांगायचे तर, ही सभा एवढ्यावरच थांबती, तर तिची आठवण काढण्याचे कारण नव्हते. इंग्रजीत निबंध वाचायचा, तो इंग्रजी समजणाऱ्या मित्रांनी ऐकायचा आणि प्रोफेसरांनी पाठ थोपटायची, ह्यात वक्तृत्व येते. पुढारीपण येत नाही. सारे श्रोते आपल्याच पठडीतले असले की वक्त्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

पण लवकरच ह्या मंडळींनी एक शहाणपणाचे पाऊल टाकले. मुख्य सभेच्या दोन शाखा निघाल्या, एक मराठी आणि एक गुजराती. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंगांसारखा व्याकरणकार तिचा अध्यक्ष होता, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागले. आता काम अवघड झाले. हवेचा दाब, ग्रहणे, रसायनशास्त्र हे सगळे इंग्रजी पुस्तकातून डोक्यात शिरलेले. ते मराठीत सांगायचे तर शब्दच नाहीत! शब्द घडवावे लागले, उपमा घरातल्या शोधाव्या लागल्या. ज्याला आपला विषय पुरता कळलेला नाही, त्याला तो मातृभाषेत सांगता येत नाही. ही परीक्षा त्या तरुणांना विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा जड गेली असली पाहिजे.

आणि मग १८४९ साल उजाडले. बेहरामजी खुर्शेदजी गांधी ह्या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली. अशी चर्चा रंगते, मंडळी चहा पिऊन घरी जातात, हा आपला नेहमीचा अनुभव. येथे वेगळे घडले. मुली शिकाव्या असे म्हणता, तर शिकवणार कोण, ह्या प्रश्नाला ह्याच तरुणांनी 'आम्ही' असे उत्तर दिले. सकाळी सात ते दहा, आपापल्या कामाला लागण्यापूर्वी, बिनपगारी शिकवायचे असे ठरले. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

शाळा काढणे सोपे. मुली आणणे कठीण. दादाभाई नौरोजी तेव्हा चोविशीच्या आसपासचे. ते पारशी वस्तीत घरोघर फिरले. काही ठिकाणी आगतस्वागत झाले. काही ठिकाणी बापाने जिन्यावरून खाली ढकलून देईन अशी धमकी दिली. हिंदूंच्या घरी, मुलगी शिकली की विधवा होते, ही समजूत दारातच उभी असे. अशा दाराशी सभेतला निबंध काय कामाचा? आकडे चालत नाहीत, अवतरणे चालत नाहीत, चढा आवाज तर मुळीच चालत नाही. समोरच्याची भीती आधी पुरती ऐकून घ्यावी लागते. आपल्या व्याख्यानमालांतही ऐकून घेण्याचे बक्षीस कोणी ठेवलेले नाही, हे जाता जाता सांगतो.

वडीलधाऱ्यांचा आधार त्यांना मिळाला, तोही त्यांनी प्रत्यक्ष काम सुरू केल्यावर. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. पारशी शाळांना कामा घराण्याने पैसा पुरवला. पुढे सभेचे अध्यक्षपद डॉ. भाऊ दाजींकडे आले. एकेकाळी प्रोफेसरांच्या आधाराने चाललेली सभा आता आपल्या माणसांच्या हाती आली होती.

राजकारण वर्ज्य ठेवणाऱ्या ह्या मंडळींना राजकारणही फार दिवस दूर ठेवता आले नाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. कंपनीच्या सनदेचा प्रश्न पार्लमेंटपुढे येणार होता आणि रयतेची गाऱ्हाणी तेथे पोचवायची होती. त्या पहिल्या सभेत दादाभाई बोलले. घरोघर फिरून तीन वर्षे झालेला हा माणूस आता भरसभेत बोलत होता.

इकडे न्यायमूर्ती रानडे यांनीही तरुणपणी त्याच ज्ञानप्रसारक सभेत निबंध वाचले होते. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. मुंबईच्या त्या विद्यार्थिसभेचा धागा तेथपर्यंत आलेला आहे, असे मी मानतो.

आणि दादाभाई? १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते पार्लमेंटवर निवडून आले. सहासष्ट वर्षांचा हा पारशी गृहस्थ परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या मतदारांकडे मते मागत होता. मताधिक्य पडले अवघे पाच! त्यांच्या नावावर कोटी करून लोक त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' म्हणू लागले.