शिरोड्याच्या भाटात, मे 1930

फोन घरीच ठेवून या. 1930 सालच्या शिरोड्यात त्याचा उपयोग एकच: वाऱ्यानं वाळवणाची चटई उडू नये म्हणून वर ठेवायचं वजन.

मुंबईहून बोटीनं वेंगुर्ल्यापर्यंत, तिथं पडावातून किनाऱ्यावर, पुढे बैलगाडी. पाऊस लागला की बोटी बंद होतील, म्हणून मे महिन्यात गर्दी फार. तुमची कुणी चौकशी करत नाही. या दिवसांत गावात दिसलेला अनोळखी चेहरा कुणातरी चाकरमान्याचाच, हे इथं गृहीत धरलेलं असतं. खळ्यात पाऊल टाकताच म्हातारी मान वर करून विचारते, "काय रे, कधी इलंस? बोटीन?" आणि उत्तराची वाट न बघता पेजेचं ताट पुढे सरकवते. सोबत भाजलेला सुका बांगडा आणि मिठातला आंबा.

जेवा. पुढे काम आहे.

शिरोडा वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला. जिल्हा अजून रत्नागिरीच. सिंधुदुर्ग व्हायला 1981 उजाडावं लागेल. आणखी दक्षिणेला तेरेखोलची खाडी, आणि तिच्यापलीकडे पोर्तुगिजांचं राज्य. गावच्या शाळेचे हेडमास्तर वि. स. खांडेकर. त्यांची 'हृदयाची हाक' ही पहिली कादंबरी याच वर्षीची. पण आत्ता सुट्टी आहे, आणि म्हातारीला कादंबरीशी कर्तव्य नाही. तिला पावसाआधी सगळं आवरायचंय.

माडांच्या भाटात शिरलात की आधी सावली लागते, मग वास. खाडीकडच्या कोपऱ्यातल्या खाचरात गेल्या पावसानंतर पुरलेली नारळाची सोडणं आज बाहेर काढतायत. मचूळ पाण्याच्या चिखलात ती महिनोन् महिने कुजत पडली होती. वर आली ती काळी, बुळबुळीत. आणि वास असा की तुम्ही नकळत दोन पावलं मागे सरता. बायका मागे सरत नाहीत. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या सोडणं धुतात, दगडावर ठेवून लाकडी दांडक्यानं बडवतात. भुसा झडतो, धागे मोकळे होतात. काळ्या सोडणाच्या आतून निघणारा काथ्या चक्क सोनेरी असतो.

वाळलेला काथ्या घेऊन म्हातारी पडवीत बसते. तिचे हात नीट बघा. दोन पुंजके डाव्या तळव्यावर शेजारीशेजारी ठेवून ती उजव्या तळव्यानं पुढे घासत नेते. दोन्ही पुंजक्यांना एकाच दिशेनं, पण आपापला पीळ बसतो. मग हात मागे येतो आणि तेच दोन धागे उलट्या बाजूनं एकमेकांवर बसतात. दोघांनाही उलगडायचं असतं, पण एकाची उलगडायची ओढच दुसऱ्याला घट्ट आवळून धरते. गाठ नाही, डिंक नाही. एक टोक संपत आलं की त्यात नवा पुंजका, आणि सुंभ पुढे चालू. तुम्ही करून बघता. तुमच्या हातात दोरीऐवजी केसांचा गुंता तयार होतो. "असां नाय मरे, उलटां वळ," असं म्हणताना ती तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. नजर तिसरीकडेच, नातीनं भिजत घातलेल्या माडाच्या चुडतांवर.

ती चुडतं आता विणायला तयार झालीत. मधोमध चिरायची, देठ पायाखाली दाबायचा, पाती एकाखालून एक वरून ओवत जायची: झाप तयार. पडवीला झडीचं पाणी लागू नये म्हणून बाहेरून झापांचा आडोसा बांधायचा, आणि बांधायला सुंभ घरचंच. पात्यांतून काढलेल्या हिरांची केरसुणी होते. पिडे चुलीत जातात, करवंटीची डवली, म्हणजे पळी, होते. रॉकेल विकत घ्यावं लागतं, म्हणून देवापुढे उंडीच्या बियांचं कडू तेल.

काहीही वाया जात नाही, असं म्हणून आपण भारावतो. भारावण्याआधी या भाटातला हिशेब ऐकून घ्या. माड भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे. नारळ उतरले की मोजून त्याच्याकडे जातात. या घराच्या वाट्याला येतं ते भाटकाराला नको असलेलं: सोडण, चुडत, पिडा, हीर. ज्याला आपण पुढे हस्तकला म्हणून प्रदर्शनात मांडू, ती या पडवीतली उरल्यासुरल्याची कला आहे. तिच्यात कसब अफाट आहे, यात वाद नाही. पण ते हौसेनं आलेलं नाही. हातात पैसा दिसतो तो मुंबईच्या गिरणीतल्या मुलाची मनीऑर्डर आली तरच.

दुपारी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसायचं. लालभडक फळ, आत पांढुरका गर आणि बी. साल वेगळी, बी वेगळी. बियांचं मुठेल निघेल, ते थंडीत भेगाळलेल्या टाचांना. सालींवर मीठ घालायचं, सुटलेल्या रसात त्या बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. आठवडाभर हेच. तेव्हा कुठे सोलं काळी होतात आणि वर्षभर टिकतात. बोटं मात्र पहिल्याच दिवशी रंगतात.

"मीठ हाडलंस?" म्हातारी सुनेला विचारते. सून मडकं कलतं करून दाखवते. तळ दिसतोय.

घरातून मिठागर लांब नाही. कोंड्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं, बाकी ऊन करतं. मीठ ढिगानं पडलेलं असतं. पण ढिगांवर सरकारी पहारा आहे, आणि मणामागे सव्वा रुपया कर. सोलं, सुका बांगडा, मिठातला आंबा, म्हणजे पावसाळ्याची सगळी बेगमी मिठावर उभी. श्रीमंत आणि गरीब मीठ सारखंच खातात. किंबहुना पेजेबरोबर तोंडी लावायला दुसरं काही नसलं की गरीब जास्तच खातो.

म्हणून याच महिन्यात शिरोड्यात माणसं जमतात. एप्रिलमध्ये दांडीला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं. मे महिन्यात इथं महाराष्ट्रभरातून आलेले सत्याग्रही मिठागरात शिरतात, लाठ्या खातात, पकडले जातात. आरडाओरडा भाटापर्यंत ऐकू येतो. पोरं कुंपणाकडे धावतात. म्हातारी सुंभाचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून वळतच राहते. तिला स्वराज्य नको आहे असं समजू नका. झाप बांधायचे राहिलेत आणि दक्षिणेकडे ढग जमलेत.

इथून पुढचं तिला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. 1931 च्या गांधी-आयर्विन करारानं मीठ तयार होणाऱ्या भागातल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ घ्यायची मुभा मिळाली. मिठावरचा कर एप्रिल 1947 मध्ये उठला. जमिनीसाठी 1948 चा कूळकायदा आला, आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवणारा कृषक दिन आला तो 1 एप्रिल 1957 रोजी. म्हणजे मीठ आधी सुटलं. माडाखालच्या जमिनीला आणखी दहा वर्षं लागली, तीही ज्यांचं नाव सातबाऱ्यावर लागलं त्यांच्यापुरतीच.