केडगावच्या जुळारणी

शिशाच्या खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ज्याने छापखान्यात कधी पाऊल टाकलेले नाही त्या वाचकाला ही बाब क्षुल्लक वाटेल; परंतु जिला कालपरवापर्यंत सुलटे अक्षरही ठाऊक नव्हते अशा मुलीने ते उलटे ओळखावे, पेटीच्या असंख्य घरांतून नेमका तोच खिळा हाताच्या सवयीने उचलावा, काना, मात्रा, वेलांटी आणि रफार यांचा मेळ घालीत ओळ भरावी, आणि अशा ओळींतून मूळ हिब्रू व ग्रीक पाहून केलेले मराठी बायबल उभे राहावे, हा प्रकार अन्यत्र कोठे घडल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. तो घडला पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव या गावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात.

रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी नव्याने सांगावे असे काही नाही. १८५८ साली जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या विशीत असतानाच कलकत्त्याच्या पंडितसभेने 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविली. मात्र तिच्या कीर्तीचा हा सोहळा वर्णिताना आपण बहुधा विसरतो ते हे, की त्या सभेपूर्वी अवघी चार वर्षे, दक्षिणेतील दुष्काळात, हीच मुलगी आईबाप आणि बहीणभावंडांसह तीर्थाटन करीत पुराणे सांगत उपाशी फिरत होती. रानातला पाला खाऊन त्या कुटुंबाने दिवस काढले, आणि त्या काळातच तिचे वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असूनही पोटात अन्न नसले म्हणजे काय होते, हे तिला कोणी शिकविण्याची गरज उरली नव्हती.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी लंडनजवळच्या फुलम येथे जोगिणींनी चालविलेले एक गृह त्यांनी पाहिले होते. समाजाने टाकलेल्या, पतित म्हणून हिणविलेल्या स्त्रियांची तेथे ममतेने शुश्रूषा होई. ज्यांच्या सावलीलाही आमच्या धर्मशास्त्राने स्थान ठेवले नाही त्यांच्यासाठी हे लोक इतके का झटतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. यहुदी मनुष्य शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसे. अशा देशात, भर दुपारी, प्रवासाने थकलेला ख्रिस्त त्या बदनाम बाईजवळ आधी पाणी मागतो, आणि जिवंत पाण्याची गोष्ट मागाहून काढतो. पाणवठ्यावरचा विटाळ ज्या देशात नित्याचा, त्या देशातून आलेल्या श्रोतीला या मागण्याचा अर्थ इंग्रज वाचकाहून अधिक लवकर उमगला असला पाहिजे. दीनाला देणारे पुष्कळ असतात. त्याच्यापुढे हात पसरणारा विरळा.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९३ साली धर्मांतराच्या वादाने त्याचे हितचिंतकही दुरावले. त्या वादात दोन्ही पक्षांनी बरेच लिहिले आहे आणि त्याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. मध्यप्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास अनाथ मुलींचे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तीनशेच्या सुमारास मुली व विधवा आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेगाचा अंमल होता. शहरात इतकी माणसे एके ठिकाणी ठेवण्यास सरकारी अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावास दुष्काळापूर्वी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकण्याची तजवीज झाली. मुक्ती सदन उभे राहिले ते असे, सरकारी मनाईच्या पोटी. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांचा कारभार दयेवर चालत नाही. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग आले, घाणा आला, गोठा आला आणि छापखानाही आला. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींच्या वस्तीला ख्रिस्ताने दृष्टी दिलेल्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून बार्तीमी सदन असे नाव पडले आणि तेथे ब्रेल लिपी शिकविली जाऊ लागली. गावाकडच्या दृष्टीने या साऱ्याजणी 'दुष्काळातल्या पोरी'. परंतु मुक्तीची दिनचर्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: येथे कोणी केवळ घेणारी नव्हती. आलेली शिकली की ती पुढच्या आलेलीला शिकवी. रमाबाईंना ऐकू कमी येई, आणि शेकडो माणसांच्या त्या संसारात त्यांचे कान या मुलींनीच व्हावे लागले असणार.

याच सदनात त्यांनी बायबलाचे भाषांतर हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, ते आपल्या मुलींना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. वयाच्या पन्नाशीच्या आगेमागे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, तो मूळ शब्दाचा अर्थ ताडून पाहता यावा म्हणून, आणि तो अर्थ खेडवळ बाईच्या तोंडी बसेल अशा मराठीत उतरावा म्हणून. ज्या बाईला काशीचा शास्त्री संस्कृतात हरवू शकला नसता, तिने शब्दाची कसोटी दळणाऱ्या, कापणाऱ्या, खिळे जुळविणाऱ्या बायकांच्या हाती दिली. कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली होती, तशी ही दुसरी परीक्षकसभा. फरक इतकाच की येथील परीक्षकांना आपण परीक्षक आहोत हे ठाऊक नव्हते. (प्रस्तुत लेखातील किती वाक्ये त्या कसोटीला उतरली असती, याचा विचार न केलेलाच बरा.)

भाषांतर म्हणून तो ग्रंथ सर्वत्र साधला आहे असे मला म्हणवत नाही. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द वगळण्याच्या आग्रहात त्यांनी काही चांगले, घरोघर रुळलेले शब्दही बाजूला सारले. आणि मुळाशी इमान राखण्याच्या भरात जागोजागी वाक्याची चाल अवघडली. दीनांत देव पाहावा ही शिकवण ज्या महाराष्ट्रात तुकोबांच्या अभंगांतून जात्यावर पोचली होती, तेथे देवाला या भाषेशी इतके अंतर राखून बोलण्याची गरज नव्हती असे वाटते. परंतु हा दोष कबूल करूनही, छापखान्याच्या त्या खोलीचे चित्र मनातून हलत नाही: एका हातात जुळणीची पट्टी, दुसऱ्या हाताची बोटे शिशाने काळवंडलेली, आणि ओळ वाचताना अडखळलेली मुलगी. ती अडखळली की तो शब्द पुन्हा तपासण्याचे कारण निर्माण होई.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंचे लक्ष या ग्रंथाच्या मुद्रितांवरच होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते हातावेगळी झाली आणि त्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगावी निवर्तल्या. संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ साली, त्याच छापखान्यातून.