आईची भूल, बाळाचं दूध

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात ‘बाळागोळी’ नावाची गोळी मिळायची. तिच्यात अफू असायची. आई सकाळी गिरणीत जायची ती दहा-दहा तासांनी परतायची. तोवर चाळीतल्या खोलीत बाळ रडू नये, झोपून राहावं, म्हणून त्याला ही गोळी चाटवली जायची. डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी कामगार स्त्रियांची पाहणी केली. १९२२च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात आकडा आहे ९८ टक्के. म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईच्या बाळाला अफू दिली जात होती.

हा आकडा वाचून त्या आयांचा राग येणं सोपं आहे. पण त्यांच्याकडे दुसरा पर्याय काय होता? पगारी रजा नव्हती. पाळणाघरं असलेल्या गिरण्या मोजक्या. बाळंतपणाच्या रजेचा भारतातला पहिला कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला. त्याच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली कायदेमंडळात बोलले होते. आईला बाळाजवळ राहता येत नव्हतं, म्हणून बाळाला गुंगी दिली जात होती.

माझ्यावर वेळ आली ती बरोबर उलटी. गुंगी मला द्यायची होती आणि बाळाला माझ्यापासून दूर ठेवायचं होतं. मुलगी पाच महिन्यांची असताना माझी आडवी आलेली अक्कलदाढ काढायची ठरली. शिरेतून गुंगीचं औषध देऊन, तासाभराचं काम. क्लिनिकमधून सांगितलं, “चोवीस तास अंगावर पाजू नका. दूध काढून फेकून द्या.” मी विचारलं, चोवीसच का? उत्तर आलं, “सेफ साइड.” मुलगी बाटली तोंडात धरत नव्हती. दूध साठून छातीत गाठी झाल्या की काय होतं, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मग हे ‘चोवीस तास’ आले कुठून, ते मी शोधायला बसले.

आईने घेतलेलं औषध दुधात उतरतं ही समजूत आधुनिक नाही. आयुर्वेदात बाळांचे तीन गट केलेले आहेत: फक्त दूध पिणारं, दूध आणि अन्न दोन्ही घेणारं, फक्त अन्न खाणारं. केवळ दुधावरच्या बाळावर उपचार करायचा तर औषध त्याला पाजणाऱ्या बाईलाही द्यावं, असं तिथे सांगितलं आहे. दूध ही औषध पोचवायची वाट होती, धोक्याची नव्हे.

शस्त्रक्रियेसाठीची आधुनिक भूल आली १८४६ साली. १६ ऑक्टोबरला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. पुढच्याच वर्षी एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिलं. त्यावर वाद झाले, पण ते वेदना टाळणं योग्य की अयोग्य याचे होते. दुधाचा प्रश्न राणीपुरता आलाच नाही, कारण तिची मुलं दूधदाईच्या अंगावर वाढत होती. श्रीमंतांकडे दाया होत्या आणि गरिबांच्या वाट्याला भूल क्वचितच येत होती. आईची भूल आणि आईचं दूध एका खोलीत फारसे भेटलेच नाहीत.

विसाव्या शतकात ते भेटले. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या घरोघरी पोचल्या. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. ग्रुनेनथाल कंपनी ते अतिशय सुरक्षित म्हणून विकत होती. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठीसुद्धा. १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात हजारो मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत ते विक्रीला आलं नाही, कारण औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी या डॉक्टरने कंपनीकडे पुन्हा पुन्हा पुरावा मागितला आणि तो मिळेपर्यंत सही केली नाही.

थॅलिडोमाइडने केलेलं नुकसान गर्भातलं होतं, दुधातलं नव्हतं. पण त्याची दहशत दोन्हीकडे पसरली, आणि ती अनाठायी होती असं कोण म्हणेल? शिवाय दुधाबाबतही पुरावा येत होता. १९७२ साली ‘लान्सेट’मध्ये एका बाळाची नोंद आली. आई डायझेपाम रोज घेत होती आणि अंगावर पिणारं बाळ मलूल होऊन वजन गमावत होतं. डायझेपाम शरीरातून फार हळू बाहेर पडतं. त्याचं विघटन होऊन बनणारा पदार्थही गुंगी आणतो आणि तो तर त्याहून जास्त रेंगाळतो. रोज डोस घेतला की आईत साठतं, मग बाळात साठतं.

इथवर सगळं सरळ आहे. गडबड पुढे झाली. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूचना काढली: मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा. हेतू त्यांना जपण्याचा होता. पण जिथे तरुण स्त्रियाच नाहीत, तिथे दुधाची चाचणी कोण करणार? ही सूचना १९९३ साली मागे घेतली गेली. दरम्यान औषधांच्या डब्यांतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर एक वाक्य कायमचं बसलं: स्तनदा मातांमध्ये वापर टाळावा.

मी कोड लिहून पोट भरते. आमच्याकडे रकान्यात ‘शून्य’ असणं आणि रकाना रिकामा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधांच्या कागदावर मात्र ‘मोजलं नाही’ आणि ‘मोजलं, धोका निघाला’ या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात छापल्या जात होत्या. डॉक्टरने वाचलं ‘टाळा’, आईला सांगितलं ‘थांबा’, आणि किती वेळ हे ठरवायला आकडा नसल्यामुळे एक पूर्ण दिवस धरला गेला. न पाजण्याची किंमत कुणी मोजली नाही: आईचं दाटलेलं दूध, तिचा ताप, बाळाचा आक्रोश, वरच्या दुधाचा खर्च, आणि कधी कधी तिथेच सुटलेलं अंगावरचं पाजणं. ती डॉक्टरच्या नव्हे, आईच्या खात्यावर पडत होती.

शेवटी कुणीतरी मोजलं. २००६ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पाच स्त्रियांना मिडाझोलाम, प्रोपोफॉल आणि फेंटानिल ही आजही सर्रास वापरली जाणारी औषधं दिली गेली आणि पुढच्या चोवीस तासांतलं त्यांचं दूध तपासलं गेलं. आईला दिलेल्या डोसपैकी दुधात किती आलं? मिडाझोलाम ०.००५ टक्के, प्रोपोफॉल ०.०२७ टक्के, फेंटानिल ०.०२४ टक्के. आईला १०० मिलिग्रॅम प्रोपोफॉल दिलं असेल, तर चोवीस तासांच्या सगळ्या दुधात मिळून ०.०२७ मिलिग्रॅम. पाजणं थांबवण्याइतकं हे प्रमाण नाही, असा निष्कर्ष निघाला.

पाचच जणी, हे खरं. पण आकड्यामागे कारणही आहे. प्रोपोफॉल रक्तातून फार वेगाने शरीरभर पांगतं, म्हणून तर माणूस इतक्या पटकन जागा होतो. दूध ही औषध साठवणारी टाकी नाही. आईच्या रक्तातलं औषध कमी झालं की दुधातलं औषधही उलट रक्तात परततं. त्यामुळे एका डोसनंतर दूध काढून फेकल्याने औषध लवकर जातं असं नाही. छाती मोकळी होते, एवढंच.

मग नियमही बदलले. २००६ सालीच अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने लॅक्टमेड ही मोफत माहितीसूची सुरू केली. तिथे औषधाचं नाव टाकलं की दुधात ते किती येतं हे फोनवर वाचता येतं. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली आणि ब्रिटनच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट लिहिलं: आई शुद्धीवर आली, नीट जागी झाली, बाळ धरण्याइतकी सावरली, की पाजायला हरकत नाही.

याचा अर्थ सगळीच औषधं निर्धोक असा नाही. २००५ साली टोरांटोत अंगावर पिणारं तेरा दिवसांचं बाळ दगावलं. आई वेदनांसाठी कोडीन घेत होती. काहींच्या शरीरात जनुकांमुळे कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने होतं, आणि मृत्यूचं कारण तेच असं सांगितलं गेलं. त्या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. तरीही २०१७ साली अमेरिकी औषध प्रशासनाने पाजणाऱ्या मातांना कोडीन आणि ट्रामाडॉल घेऊ नये असं बजावलं. म्हणजे बऱ्याचदा खरा प्रश्न तासाभराच्या गुंगीचा नसतो. तो घरी पाठवताना चिठ्ठीवर लिहिलेल्या, दिवसेंदिवस घ्यायच्या वेदनाशामकाचा असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, श्वासाचा त्रास असेल, किंवा नुकतंच जन्मलेलं असेल, तर हिशोब आणखी वेगळा.

मला क्लिनिकमध्ये भरायला दिलेल्या फॉर्मवर ॲलर्जी, दमा, कवळी, मधुमेह, सगळ्याचे चौकोन होते. ‘अंगावर पाजता का?’ असा चौकोन नव्हता. मी भूलतज्ज्ञांना स्वतःच फोन करून तीन गोष्टी विचारल्या: कोणतं औषध देणार, नंतर दुखण्यावर काय देणार, आणि मुलगी पाच महिन्यांची पूर्ण दिवसांची आहे, तर किती थांबायचं? त्यांनी नावं सांगितली, ट्रामाडॉलऐवजी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन लिहिलं, आणि म्हणाले, “आत जाण्याआधी पोटभर पाजा. नंतर पूर्ण जाग आली की पाजा. त्या रात्री मात्र बाळाला कुशीत घेऊन झोपू नका, तुमची झोप गाढ असेल.” हे उत्तर माझ्यासाठी, माझ्या औषधांसाठी आणि माझ्या मुलीच्या वयासाठी होतं. दुसरीचं वेगळं असेल, तिने तिच्या डॉक्टरांना विचारावं.

गिरणगावातल्या बाईला असं विचारायला कुणी नव्हतं. तिच्या बाळाची अफू सुटायची तर आधी तिला रजा हवी होती, आणि त्यासाठी कुणीतरी चाळींतून फिरून ९८ हा आकडा काढावा लागला. २००६च्या अभ्यासातल्या पाच जणींची नावं कुठे छापलेली नाहीत. शस्त्रक्रिया झालेली, अंग ठणकत असलेलं, आणि तरी दिवसभर थोडं थोडं दूध काढून त्यांनी ते तपासायला दिलं.