पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा : आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन

पुणे शहराच्या वायव्येस व उत्तरेस, पवना आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात पसरलेला वाहननिर्मितीचा पट्टा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही त्यातली जुनी केंद्रे; खेड तालुक्यातील चाकण व मावळातील तळेगाव ही नंतरची. मोटारी, ट्रक, दुचाक्या, रिक्षा आणि त्यांना लागणारे हजारो सुटे भाग इथे तयार होतात. एवढा कारखानदारीचा व्याप असूनही उंच धुराडी फारशी दिसत नाहीत. इथल्या उत्पादनामागचा कार्बन बहुतांशी दुसरीकडे हवेत जातो. वीज येते ती प्रामुख्याने कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून, पोलाद येते दूरच्या भट्ट्यांतून, आणि तयार गाडी पुढची दहा-पंधरा वर्षे पेट्रोल-डिझेल जाळते ती देशभरच्या रस्त्यांवर. कारखान्याच्या कुंपणाच्या आत मोजले, तर हा पट्टा आहे त्यापेक्षा बराच स्वच्छ भासतो.

पट्ट्याची सुरुवात औषधांनी झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर माळरानाचे भूखंड पडू लागले आणि कंपन्या आल्या. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये आली. सुमंत मुळगावकरांनी तिच्या ओसाड आवारात झाडे लावून तलाव करवून घेतला, तेव्हा ‘हवामानबदल’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या गावांची लोकसंख्या १९९१ मध्ये ५ लाखांच्या थोडी वर होती, २०११ च्या जनगणनेत ती १७ लाखांवर गेली. जागा अपुरी पडू लागल्यावर उद्योग नाशिक महामार्गाने चाकणकडे सरकला. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून चाकणला गेली, आणि मागोमाग महिंद्रा आली.

उत्सर्जनाचा हिशेब भोसरीतल्या एखाद्या फाउंड्रीपासून सुरू केला तर लवकर समजतो. एक टन लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवून साच्यात ओतण्याइतके, म्हणजे १,४०० अंश सेल्सियसच्या वर तापवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. म्हणजे भट्टीतून धूर न निघताही प्रत्येक टनामागे चारशे किलोंच्या घरात वायू बाहेर पडतो, फक्त तो चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या वीजकेंद्राच्या ठिकाणी पडतो. मोठ्या मोटार कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा खाते ते पेंट शॉप. रंगाच्या खोलीतली हवा ठरावीक तापमानाला आणि दमटपणाला धरून ठेवायची, मग रंगवलेली बॉडी ओव्हनमध्ये भाजायची, असा तो दुहेरी खर्च असतो. गाडीच्या पत्र्यातला कार्बन यात धरलेलाच नाही. भारतात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो.

छोट्या गाळ्यांत वाया जाणारी ऊर्जा कानाला ऐकू येते. जेवणाच्या सुट्टीत मशिन बंद झाली की कॉम्प्रेसरच्या लाइनमधून, जुन्या होजच्या क्लॅम्पमधून, अर्धवट बंद व्हॉल्व्हमधून हवेची बारीक फुसफुस सुरूच असते. निगा नसलेल्या यंत्रणेत दाबलेल्या हवेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त असाच निघून जातो, हा ऊर्जा-लेखापरीक्षकांचा नेहमीचा अनुभव. सात बारचा दाब सहावर आणला तरी विजेत सहा-सात टक्के बचत होते. शंभर रुपयांचा क्लॅम्प बदलायला मात्र माणूस आणि वेळ लागतो, आणि ऑर्डरची गाडी दारात उभी असताना तो कुणाकडेच नसतो. विजेची मागणी आठवडाभर विभागली जावी म्हणून या भागाची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. त्यामुळे देखभालीची कामे गुरुवारवर ढकलली जातात आणि अर्जंट माल निघाला की गुरुवारीही राहून जातात.

स्वच्छ विजेकडे वळण्याची वाट मोठ्यांना लवकर सापडली. बजाज ऑटोने सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर ६५.२ मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. त्या काळी अशा गुंतवणुकीमागे पर्यावरणाइतकेच, कदाचित जास्तच, घसाऱ्यावरच्या करसवलतीचे गणित असे. आता बड्या कारखान्यांच्या छपरांवर सौर पॅनेल सर्रास दिसतात. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी हरित वीज थेट उत्पादकाकडून घेण्याची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. पण गाळा भाड्याचा, छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे आणि करार ११ महिन्यांचा असेल, तर २५ वर्षे चालणारे पॅनेल बसवायचे कुणी? मालकाला वीजबिल भरायचे नसते आणि भाडेकरूला छपरावर हक्क नसतो.

या पट्ट्याच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा भाग मात्र गाडी विकल्यानंतर सुरू होतो. मोटार कंपन्यांच्या ताफ्याच्या सरासरी उत्सर्जनावर २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅमची आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमची मर्यादा आहे. ११३ ग्रॅमची एक गाडी दीड लाख किलोमीटर धावली तर १७ टन होतात. तेही प्रयोगशाळेतल्या चाचणीचे. चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या गिअरमध्ये घालवलेला तास त्यात येत नाही. दर गाडीमागचा आकडा खाली येतो, पण गाड्यांची संख्या वर जाते आणि गुणाकार वाढतच राहतो. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘दर वाहनामागे घट’ ठळक छापलेली असते. एकूण टनांचा आकडा शोधावा लागतो. देशाचे उद्दिष्टही याच धाटणीचे आहे. २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचे आणि २०७० मध्ये निव्वळ शून्य गाठायचे. दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेल्या देशाने वाढीला जागा ठेवणे रास्त आहे. फक्त त्या सवलतीचा आडोसा आलिशान एसयूव्हीनेही घ्यावा, हे पटणे कठीण.

विजेच्या वाहनांचा प्रयोग आकुर्डीत बोलका ठरला. बजाजच्या तिथल्या कारखान्यातले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले होते. २०२२ च्या जूनमध्ये त्याच आवारात विजेच्या चेतक स्कूटरसाठी स्वतंत्र कारखाना सुरू झाला. ढोबळ हिशेब असा : विजेची स्कूटर एका युनिटमध्ये साधारण ३० किलोमीटर जाते, म्हणजे आजच्या कोळसाप्रधान ग्रिडवरही किलोमीटरला २३-२४ ग्रॅम. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल स्कूटरचे ४६ होतात. बॅटरी बनवतानाचे उत्सर्जन यात धरायचे राहते, तरी फायदा खरा आहे. २०२४ मध्ये बजाजने सीएनजीवरची मोटारसायकल आणली, तर त्यानंतर महिंद्राच्या विजेच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या मोटारी चाकणमधून बाहेर पडू लागल्या. वाटचाल सरळ नाही. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांची निर्यात आवळली आणि चेतकचे उत्पादन अडखळले.

याची दुसरी बाजू भोसरी-तळवड्याच्या गाळ्यांत आहे. विजेच्या गाडीला पिस्टन, सायलेन्सर, इंजेक्टर, क्लच लागत नाहीत, गिअरही मोजकेच. वीस वर्षे एकच पार्ट टर्न करणाऱ्या शेडला उत्सर्जनकपात म्हणजे ऑर्डर कपात वाटली तर नवल नाही. कर्ज काढून घेतलेले सीएनसी मशिन दुसरा जॉब करू शकते, पण तो जॉब आणून कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

कागदी कामही याच शेडकडे उतरते. सेबीने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि मोठी कंपनी आपल्या व्हेंडरकडे तक्ते पाठवू लागली : वर्षाचे युनिट, डीजी सेटचे डिझेल, ओव्हनचा गॅस, कच्च्या मालाचे वजन. युरोपीय संघाची कार्बन सीमा-आकारणी २०२३ च्या ऑक्टोबरपासून केवळ माहिती मागत होती. १ जानेवारी २०२६ पासून तिची आर्थिक जबाबदारी सुरू झाली. मूळ यादीत गाडीचे तयार सुटे भाग नाहीत, पण पोलादी नट-बोल्ट आहेत. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या युरोपीय आयातदाराला सूट मिळते. त्यापुढे बोल्टच्या तारेचे पोलाद कोणत्या भट्टीतले, हे निर्यातदाराला सांगता यावे लागते. ही माहिती पुष्कळदा त्याच्या स्टॉकिस्टकडेही नसते.

शहरानेही आपल्या परीने काही पावले टाकली आहेत. २०१९ मध्ये निगडी आगारातून विजेच्या बस निघाल्या आणि २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. मोशीच्या कचरा डेपोवर २०२३ मध्ये १४ मेगावॉटचा कचऱ्यापासून वीज देणारा प्रकल्प सुरू झाला. २०२५ मध्ये पादचारी व सायकलमार्गांसारख्या कामांसाठी २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले गेले. त्याच शहरात नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येते. पवनेचे पाणी बंद नळातून आणण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात मावळातले तिघे मृत्युमुखी पडले. पाऊस लहरी होत जाईल तसा शहर, कारखाने आणि शेती यांच्यातला हा वाद आणखी चिघळण्याची शक्यता आहे.

तळेगावच्या एका कारखान्याचा प्रवास पट्ट्याची दिशा दाखवतो. जनरल मोटर्सने तो २००८ मध्ये सुरू केला आणि २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सचा खरेदीव्यवहार २०२२ मध्ये बारगळला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला, आणि २०२५ मध्ये तिथून बाहेर पडली ती पेट्रोल व डिझेलवर चालणारी नवी व्हेन्यू. २०२८ पर्यंत तिथली क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांवर नेण्याची कंपनीची योजना आहे.