फादर स्टीफन्स यांचा धीर आणि भरवसा

इ. स. १६०८ च्या अखेरीस गोव्याहून एक पत्र रोमकडे निघाले. ते लिहिणारे होते येशूसंघाचे इंग्रज पाद्री फादर थॉमस स्टीफन्स आणि ज्यांना लिहिले ते त्या संघाचे मुख्याधिकारी क्लॉदिओ आक्वाव्हिवा. मागणे लहानसेच होते. या प्रांताच्या भाषेतील ग्रंथ या प्रांताच्याच लिपीत छापले जावेत, ही आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे, असे स्टीफन्स यांनी कळविले होते. मलबारकडे तमिळ लिपीत छपाई झालीच होती. येथे अडचण होती ती ठशांची. युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते. आपल्या लिपीस काने, मात्रा, जोडाक्षरे धरून सहाशे ठसे ओतावे लागतील, असा समज होता. ती संख्या दोनशेंवर आणता येते, हे स्टीफन्स यांनी पत्रात मांडले.

ते ठसे त्यांच्या हयातीत कधीच आले नाहीत.

ज्या गुणाला ख्रिस्ती लोक धीर म्हणतात, त्याची ओळख या न आलेल्या ठशांवरून फार चांगली होते. लॅटिन भाषेत धीराचा शब्द ‘सोसणे’ या धातूपासून निघाला आहे. बायबलातील इयोबाचे सर्वस्व गेले, तरी त्याने देवाशी नाते तोडले नाही. तो देवाशी भांडला, पण भांडला तो देवाशीच. याकोबाच्या पत्रात धीराचा दृष्टांत शेतकऱ्याचा आहे. तो आधीच्या व नंतरच्या पावसाची वाट पाहतो. मृगाकडे आणि हस्ताकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या कुळवाड्याला हा दृष्टांत कोणी फोड करून सांगावयास नको. पाऊस त्याच्या हातचा नाही. नांगरणी मात्र त्याच्याच हातची आहे. वाचकांस येथे गीतेतील फलत्यागाची आठवण होईल. साम्य आहे, तसा भेदही आहे. ख्रिस्ती भक्त फळाची आशा सोडीत नाही. ती तो देवाच्या हाती ठेवतो. या ठेवण्यालाच तो भरवसा म्हणतो.

स्टीफन्स यांना हा धडा तरुणपणीच मिळाला होता. त्यांचा जन्म सुमारे १५४९ मध्ये इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मत पाळणे हा तेव्हा धोक्याचा मार्ग होता. टॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता. पण पाउंड पकडला गेला, आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. बंदिवासातील मित्रालाही संघात घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली व १५७८ मध्ये ती मान्य झाली. पुढे ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांचा हा प्रवास ध्यानी घेतला, म्हणजे रोमला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे काय असे, हे कळते. वारे अनुकूल असले तरी वर्षाहून अधिक काळ त्यात जाई.

त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र साष्टी. त्या भूमीचे दुःख आपल्या वाचकांच्या घरोघर ठाऊक आहे. १५६७ मध्ये साष्टीतील देवालये पाडण्यात आली. त्याच दशकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुज महालात गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड गावच्या गावकऱ्यांना जिवानिशी भोगावा लागला. स्टीफन्स यांचे कार्य याच सत्तेच्या छायेत झाले. त्यांच्या धीराचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सत्तेला घाई होती. तिने देवळे पाडली, पोथ्यांवर बंदी घातली. या पाद्र्याने मात्र लोकांची भाषा शिकण्यात वर्षानुवर्षे घालविली. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक यांच्या तोडीची असल्याचे मोकळेपणी लिहिले आहे.

त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? ज्यांचे ग्रंथ हिरावले गेले, त्यांचीच ही मागणी होती. तिला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. भाषा मराठी, तिच्यात सर्वांना उमजावे म्हणून कोकणी शब्दांची भर, आणि रचना आपल्या पुराणांची. १६१६ मध्ये तो रायतूर येथे छापला गेला. लिपी रोमन होती. ठसे नाहीत म्हणून स्टीफन्स यांनी ग्रंथ अडवून धरला नाही; हाती होती ती लिपी घेतली. नांगरणी केली, पाऊस देवावर सोपविला. १६१९ मध्ये ते वारले. त्यांची कोकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली.

पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या राजप्रतिनिधीने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या तीन जुन्या आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत उपलब्ध नाही. परंतु ग्रंथ मेला नाही. गोवा सोडून कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि त्यांवरून १९०७ मध्ये मंगळुरास तो पुन्हा छापला गेला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. १६०८ चे मागणे पुरे व्हावयास तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे लागली, आणि ते पुरे झाले ते रोमच्या हुकुमाने नव्हे, तर एका मराठी संपादकाच्या हातून.

जुवारीच्या एका तीरावरून देव उचलून नेणारे भाविकही धीर धरूनच गेले होते. आपली भाषा त्यांनी पलीकडे जपली, तशी अलीकडे राहिलेल्यांनीही जपली. दोघांच्या धीराचे कारण एक नव्हते. एकाचे दुःख दुसऱ्याच्या सत्कार्याने फिटत नाही. तरीही ख्रिस्तपुराणाची ओवी आज देवनागरीत वाचताना, आपल्याच भाषेत कोणी एका परदेशी भक्ताने देवावर भार टाकून केलेली ही पेरणी आहे, एवढे म्हणण्यास कोणाही मराठी वा कोकणी वाचकास संकोच वाटू नये.