पालकांची शाळा : एका परंपरेचा मागोवा

सायंकाळी वर्ग सुटावेत, मुले घरी जावीत आणि त्याच बाकांवर त्यांचे आई-वडील येऊन बसावेत, हे दृश्य आज आपल्या परिचयाचे झाले आहे. बालसंगोपन, वाढत्या वयातील मुलामुलींचे प्रश्न, घरातील वृद्धांचे स्थान अशा विषयांवर शाळाशाळांतून व्याख्याने होतात. तथापि, या प्रथेमागे ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे स्मरण फारसे होत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ते करणे उचित ठरेल.

व्याख्यान ऐकण्याची सवय महाराष्ट्राला जुनीच आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला आणि ज्ञानाचे दालन सर्वसामान्य नागरिकांसाठी खुले झाले. परंतु घरातील लहान मूल हा गंभीर विचाराचा विषय आहे, हे समाजाला पटवून देण्यासाठी वेगळ्या वृत्तीची माणसे जन्मास यावी लागली.

त्यांतील अग्रणी म्हणजे गिजुभाई बधेका. सौराष्ट्रात १८८५ साली जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील होते. १९१३ साली त्यांना पुत्र झाला आणि त्याच्या शिक्षणाच्या चिंतेतून ते मादाम माँटेसरी यांच्या विचारांकडे वळले. चालती वकिली सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. बालमंदिरात मिळणारा मोकळेपणा घरी मिळाला नाही तर सारे श्रम व्यर्थ जातात, हे जाणून त्यांनी पालकांसाठी विपुल लेखन केले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच मुळी ‘आई-बाप होणे कठीण आहे’ अशा अर्थाचे आहे. ‘दिवास्वप्न’ या प्रसिद्ध पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक पालकांची सभा बोलावतो. पण येतात ते अगदी मोजकेच. पालकसभांच्या आयोजकांना आजही हाच अनुभव येतो, यावरून त्या निरीक्षणाचे मोल ध्यानी यावे.

गिजुभाईंच्या कार्यात १९२३ साली श्रीमती ताराबाई मोडक सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवून हा विचार घरोघरी पोहोचविला व १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. श्रीमती अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. तेथे निराळीच अडचण उभी राहिली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघींनी मुलांना वा त्यांच्या मातांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांनी वस्तीतल्या अंगणात नेली. आईच्या डोळ्यांदेखत मुलांना न्हाऊ-माखू घालणे, गाणी म्हणणे, खेळणे सुरू झाले. हीच अंगणवाडी होय. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य आदिवासी मुलांमध्ये विस्तारले आणि १९७५ साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

पुढील काळात शहरी मध्यमवर्गातही ही जाणीव वाढली. १९८७ साली पुण्यात ‘पालकनीती’ हे मासिक निघाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत पालकांना तीन-चतुर्थांश जागा दिल्या, तर महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक ठरविला. कायद्याने पालकाला शाळेत स्थान मिळाले, ही समाधानाची बाब आहे. मात्र सभेत शुल्काची चर्चा तासभर आणि मुलाची चर्चा पाच मिनिटे, असा हिशेब होत असेल, तर जमाखर्च जुळला असे म्हणता येणार नाही.

व्यापारी समाजाने तर याचा विशेष विचार करावयास हवा. व्याख्यानाला आई येते. वडील पेढीवर असतात. मुलीने पुढे शिकावे की नाही, मुलाने दुकान सांभाळावे की नोकरी करावी, हे निर्णय ज्यांच्या हाती असतात, त्यांचीच खुर्ची सभागृहात रिकामी राहते. दिवसभर गिऱ्हाइकाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारा गृहस्थ रात्री मुलाचे दोन शब्दही पुरते ऐकत नाही, आणि मग मुलगा आपल्याशी बोलत नाही म्हणून खंत करतो. नामवंत वक्ते बोलावल्याने ही उणीव भरून निघणार नाही.

बोर्डीच्या अंगणाने दिलेला धडा येथे उपयोगी पडावा. ऐकणारा येत नसेल तर सांगणाऱ्याने त्याच्या दारी जावे. व्याख्यान बाजाराच्या सुटीच्या दिवशी ठेवावे, आजी-आजोबांनाही आग्रहाने बोलवावे, निम्मा वेळ प्रश्नोत्तरांना द्यावा, आणि वर्षातून एखादी सभा गल्लीतल्या एखाद्या घराच्या ओसरीवरही भरवावी. संस्थेने पन्नास वर्षांत वास्तू उभ्या केल्या, निधी जमविले. त्या वास्तूंत वाढणाऱ्या मुलांना घरीही कोणी ऐकणारे लाभले, तर पुढील पन्नास वर्षांची पायाभरणी झाली असे समजावे.