येरवड्यातला माणूस कोणत्या आमदाराचा?

मंडळी, आपल्याकडं कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लगेच म्हणतात, "याला येरवड्याला टाका." कासुर्डी, यवत, भांडगाव, सहजपूर, कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. पुणे-सोलापूर हायवेनं येरवडा काही लांब नाही. पण तिथं आत काय चाललंय हे बघायची जबाबदारी कुणाची, हे पारावर विचारलं तर उत्तर येत नाही. पोस्ट थोडी मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या तालुक्याचाही आहे.

सुरुवात इंग्रजांपासून करू. १८५७ चा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला. त्यात एक गोष्ट चांगली होती. प्रत्येक इस्पितळावर किमान तीन 'अभ्यागत' नेमायचे, त्यात एक डॉक्टर हवा, आणि महिन्यातून एकदा तरी दोघांनी आत जाऊन पाहणी करायची. म्हणजे बाहेरच्या माणसानं आत डोकावलंच पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झालं होतं. पण तुरुंगांचा मुख्य अधिकारीही पदसिद्ध अभ्यागत होता. रुग्णाकडं सरकार कैदी म्हणून बघत होतं, हे यावरूनच कळतं.

आपल्या राज्यातली चारही मोठी मनोरुग्णालयं त्याच काळातली. नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१ आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येरवडा. येरवड्यात अडीच हजारांहून जास्त मंजूर खाटा. देशातल्या सगळ्यात मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. शेजारी मध्यवर्ती कारागृह. भिंतीही तशाच उंच.

१९१२ साली नवा कायदा आला, अभ्यागत तसेच राहिले. मग एक बदल झाला, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर इस्पितळं, दवाखाने आणि वेड्यांची इस्पितळं हा विषय प्रांतांच्या 'सोपीव' खात्यांत गेला. म्हणजे १९२१ पासून मुंबई इलाख्यात या इस्पितळांचा कारभार कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडं आला. लोकप्रतिनिधीनं सभागृहात उभं राहून "आत काय चाललंय?" असं मंत्र्याला विचारायचा हक्क तेव्हापासूनचा. शंभर वर्षं उलटून गेली त्याला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या फक्त दहा हजारांच्या आसपास. समितीनं स्पष्ट सांगितलं की हे काहीच नाही. पुढं १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ साली जिल्हा कार्यक्रम आला. विचार असा की माणसाला घरापासून तोडून भिंतीआड नेण्यापेक्षा औषध त्याच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात द्यावं. १९८७ च्या कायद्यानं अभ्यागत तीनाचे पाच केले, त्यात दोन समाजसेवक घातले. पण तो कायदा लागू व्हायलाच १९९३ साल उजाडलं.

कागदावर नजर होती, मग प्रत्यक्षात काय? सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं या प्रश्नात लक्ष घातलं आणि १९९९ साली देशभरातल्या सरकारी मनोरुग्णालयांवर अहवाल दिला. अनेक ठिकाणी बांधणी तुरुंगासारखी, कोठड्या तशाच. दोन वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्याला पहाटे आग लागली. साखळदंडानं बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत. २८ जण गेले. नाव आपल्या येरवड्यासारखंच, म्हणून मुद्दाम सांगतो, ही जागा वेगळी. पण धडा सगळ्यांसाठी होता. जिथं कुणी बघायला जात नाही, तिथं काय होतं ते त्या पहाटे दिसलं.

आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो मे २०१८ पासून लागू आहे. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी. सरकारी खर्चानं उपचार मिळणं हा हक्क. हायवेवर फिरणाऱ्या बेवारस मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत न टाकता २४ तासांत दवाखान्यात न्यायचं. आपल्या टोलनाक्याच्या पट्ट्यात अशी माणसं आपण सगळेच बघतो, अंगावर धड कपडे नसतात, गाव सांगता येत नाही. त्यांच्यासाठी हा कायदा आहे. जुन्या अभ्यागतांची जागा आता पुनर्विलोकन मंडळांनी घेतली. त्यांत न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि स्वतः आजार भोगलेले किंवा रुग्णाची काळजी घेणारे लोक असतात. वर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, त्याच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायलाच पाहिजेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम. प्राधिकरणानं दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल सरकारला द्यायचा, हिशेब महालेखापरीक्षकांनी तपासायचे, आणि सरकारनं हे सगळं विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचं. १८५८ साली अभ्यागताची वही इस्पितळाच्या कपाटात राहायची. आता ती वही कायद्यानं आमदारांच्या बाकापर्यंत आली आहे.

मग झालं काय? महाराष्ट्राचं प्राधिकरण ऑक्टोबर २०१८ मध्ये स्थापन झालं. पुढं मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी उच्च न्यायालयात गेले. त्या सुनावणीत बाहेर आलं की चार मनोरुग्णालयांत दहा-दहा वर्षांहून जास्त काळ अडकलेली शेकडो माणसं आहेत, त्यातली बरीच घरी जाण्याइतकी बरी झालेली. प्राधिकरणाच्या बैठकाही कायद्याप्रमाणं होत नव्हत्या. न्यायालयानं कान धरले तेव्हा यंत्रणा हलली. न्यायालयाचे आभार मानू, पण जे न्यायालयात विचारलं गेलं ते त्याआधी सभागृहात का गाजलं नाही, हा प्रश्न राहतोच.

मला याचं उत्तर एका साध्या गोष्टीत दिसतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिलंय की मनोरुग्णालयात दाखल असलेला माणूस केवळ त्या कारणानं तिथला रहिवासी धरला जात नाही. मतदार यादीत तो आपल्या गावचाच. म्हणजे येरवड्यातली ती सगळी माणसं त्या भागातल्या आमदाराची मतदार नाहीत. आणि ज्या गावची आहेत, तिथं त्यांना विसरून गेलेत. मोर्चा ती काढत नाहीत, आमदाराच्या बंगल्यावर निवेदन घेऊन जात नाहीत. उसाचा दर, कालव्याचं आवर्तन, हायवेचा पूल, यावर ओरडणारे आपण आहोत. त्यांच्यासाठी ओरडणारं कुणी नाही.

पण याच कलमाची दुसरी बाजू बघा. दौंड तालुक्यातला एखादा माणूस आज तिथं आत असेल, तर कायद्याच्या हिशेबानं तो दौंडचा आहे. शिरूरचा असेल तर शिरूरचा. म्हणजे त्याच्याबद्दल विचारायचं काम आपल्याच आमदारांचं, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.

आकड्यांचंही सांगतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं २०२३ साली याच विषयावर अख्खा अहवाल दिला. लाख लोकांमागं किमान तीन मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आपल्या देशात एकसुद्धा पुरता नाही. संसद एवढं खोलात जाऊ शकते, तर विधिमंडळानं का जाऊ नये? कायदा दिल्लीचा असला तरी इस्पितळं राज्याची आहेत, नोकरभरती राज्याची आहे, पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून जातो.

म्हणून येत्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना चार प्रश्न लेखी द्यायचे आहेत. एक, प्राधिकरणाचे आजवरचे किती वार्षिक अहवाल पटलावर ठेवले? दोन, बरे होऊनही आत राहिलेले किती, आणि त्यात पुणे जिल्ह्यातले किती? तीन, पुनर्विलोकन मंडळं कुठल्या जिल्ह्यांत खरोखर बसतात? चार, यवतच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर आणि औषधं महिन्यातून किती दिवस मिळतात?

तारांकित प्रश्न म्हणून विचारले तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की इथंच टाकेन, जसंच्या तसं. ज्यांना निवेदनावर सही करायची आहे त्यांनी ग्रामपंचायतीपाशी या किंवा कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. आणि घरात कुणाला त्रास असेल तर लाजू नका, १४४१६ या टेली-मानस नंबरवर फोन करा. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.